मुका ठोका

आमच्या शाळेत बँड शिकवायला कामठीहून एक निवृत्त हवालदार येत असत. फौजेच्या बँडमध्ये त्यांनी उभा जन्म ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सारून वाजवायचं पितळी वाद्य, वाजवला होता. पचमढीच्या लष्करी संगीत विभागात शिकलेले, हाडाने सडपातळ, मिशी पांढरी. शाळेत सगळे त्यांना बँडमास्तर म्हणत, मीही तेच म्हणते. शाळा नागपुरातल्या महाल भागातली आणि मी तिथली संगीताची बाई. प्रार्थना, गॅदरिंग, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, सगळं माझ्या पेटीवर चालायचं. ही 1988 सालची गोष्ट.

त्या वर्षी आंतरशालेय समूहगीत स्पर्धेत आमच्या चाळीस मुली उतरल्या होत्या. गाणं समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उठणारं नव्हतं. समेवर काहीच नाही, अर्धी मात्रा सोडून पहिला शब्द. वर्गात ते रोज जमायचं, कारण पेटी माझ्या हातात असायची आणि माझ्या मानेच्या हालचालीवर मुली शब्द उचलायच्या. स्टेजवर पेटीला दुसऱ्या बाई बसल्या आणि मी मुलींसमोर हात वर करून उभी राहिले. हात खाली आला. पहिल्या रांगेनं शब्द उचलला, दुसरी तिच्या मागून आली, आणि मागच्या रांगेतल्या उंच मुली पहिला शब्द गिळून थेट दुसऱ्यावर आल्या. पुढचं गाणं सुरेख झालं. पण सुरुवात फाटली ती फाटलीच. परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. एक मुलगी खिडकीला डोकं टेकवून शाळेपर्यंत रडत आली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बँडमास्तर वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, काल तुमचा हात पाह्यला. तुमचा हात खाली येते, मंग पोरीयले समजते का आता गायचं हाय. तवा उशीर झाला असते."

मग त्यांनी करून दाखवलं. उजवा हात कमरेपासून वर नेला आणि नेतानेता छाती भरून, ऐकू येईल असा श्वास घेतला. समोर डबा खात बसलेल्या दोन मुलींनी नकळत त्यांच्याबरोबर श्वास घेतला. हात खाली आला तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता, पण गायच्या तयारीत होत्या त्या.

"वर जाते तो हात खरा. आदी श्वास द्या, मंग सूर मागा. तुमच्या गान्याचा पयला ठोका मुका हाय. मुका ठोकाच सगळ्यात साफ द्या लागते."

मुका ठोका हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि त्याच दिवशी झुबिन मेहता हे नावही नीट ऐकलं. मुंबईचा पारशी माणूस, न्यूयॉर्कच्या शंभर वादकांसमोर काडी घेऊन उभा राहतो आणि हातानं सगळ्यांना एकत्र वाजवायला लावतो, हे बँडमास्तरांनी घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा स्टेज-शो डोळ्यांपुढे येतो, आणि कंडक्टर म्हटलं की एसटीतला. त्यामुळे हे काय प्रकरण आहे ते मला पहिल्यापासून समजून घ्यावं लागलं. बँडमास्तरांनी खेळाच्या साहित्याच्या खोलीत, मल्लखांबाच्या खांबाशेजारी बसून मला पाच रेघांवरचं नोटेशन वाचायला शिकवलं. दोन उन्हाळे गेले त्यात.

त्या कागदानं मला पहिला धक्का दिला. आपल्याकडे पट्टी ठरली की सगळ्यांचा सा एक. वाद्यवृंदात तसं नसतं. क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर सफेद एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी, लिहिलेला असतो आणि कानाला ऐकू येते काळी पाच. हॉर्नवाल्याचा तोच सफेद एक म्हणजे कानाला सफेद चार. कंडक्टरच्या पुढ्यात मात्र सगळ्यांच्या ओळी एकाच पानावर, एकाखाली एक. वर बासऱ्या, मग ओबो, क्लॅरिनेट, बासून ही फुंकीची वाद्यं, मग पितळी वाद्यं, मग नगारे, आणि तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत तारांची वाद्यं. वीस-वीस ओळी एका नजरेत वाचायच्या, प्रत्येकीचा सा मनात बदलून घ्यायचा, आणि हे सगळं एकही वादक हॉलमध्ये यायच्या आधी घरी बसून ऐकून ठेवायचं. मी तीस वर्षं पेटी वाजवली, दोन ओळी एकदम वाचतानाही माझी तारांबळ उडते. त्या पानाकडे पाहून माझ्या लक्षात आलं की काडी हलवणं हा या कामाचा अगदी शेवटचा भाग आहे.

झुबिन मेहतांच्या आयुष्याकडे मी त्या पानातून पाहू लागले. जन्म 29 एप्रिल 1936, मुंबई. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी, गोव्याचे वादक आणि फुंकीच्या वाद्यांना नौदलाच्या बँडमधली माणसं. हे शेवटचं वाक्य मी बँडमास्तरांना वाचून दाखवलं तेव्हा ते ताठ बसले होते, इतकं मला आठवतं. मुलगा नऊ वर्षांचा असताना मेहली पुढचं शिकायला न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षांनी परतले. सोळाव्या वर्षी मुलगा वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊ लागला. घरच्यांना डॉक्टर हवा होता. झेवियर्समधला तो अभ्यास अर्ध्यात सोडून 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला.

तिथे हान्स स्वारोव्स्की नावाचे गुरू होते. कंडक्टर घडवणारी अशी शाळा दुसरी क्वचितच असेल. क्लाउदियो अब्बादो, मारिस यान्सन्स, दोघे फिशर बंधू, सगळे त्यांच्याच हाताखालून गेले. झुबिन वर्गात कंडक्टिंग शिकायचा आणि वाद्य म्हणून डबल बास वाजवायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. डबल बास म्हणजे तळाचा सूर, मागे उभं राहून वाजवायचा. तिथून कंडक्टरचा हात रोज समोरून दिसतो, हात कुणाचा कळतो आणि कुणाचा कळत नाही ते शरीराला समजतं. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी पाहायला विद्यार्थ्यांना मज्जाव होता, म्हणून झुबिन आणि अब्बादो दोघं तिथल्या मोठ्या गायकवृंदात भरती झाले. गायक म्हणून उभं राहिलं की ब्रुनो वॉल्टर, कारायान असे मोठे कंडक्टर समोर. शिष्यानं गुरूच्या मागे तंबोरा धरून बसावं आणि पाठीमागून सगळं टिपावं, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे शिष्य समोर उभा होता.

1956 मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि माणसं सीमा ओलांडून ऑस्ट्रियात येऊ लागली. वीस वर्षांच्या या मुलानं सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला. पुढच्या साठ वर्षांचं सगळं बी मला त्या सात दिवसांत दिसतं.

पुढचे टप्पे सगळ्यांना माहीत असतात, मी भराभर सांगते. 1958 मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पंचविसाव्या वर्षापर्यंत व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही ठिकाणच्या फिलहार्मोनिकसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांसमोर, उभे राहून झालं. मग माँट्रियल, आणि 1962 पासून लॉस एंजेलिस, वय सव्वीस. 1978 ते 1991 न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकनं 1981 मध्ये त्यांना तहहयात संगीत-संचालक केलं. भारत सरकारनं 1966 मध्ये पद्मभूषण आणि 2001 मध्ये पद्मविभूषण दिलं. पासपोर्ट अजून भारताचा.

या यादीतली एक गोष्ट मात्र मला थांबवते. यातल्या कितीतरी जागा त्यांना पहिल्यांदा दुसऱ्याच्या आजारपणामुळे मिळाल्या. माँट्रियलला इगोर मार्केविच येऊ शकले नाहीत, इस्रायलला यूजिन ऑर्मंडी येऊ शकले नाहीत. तार येते, माणूस विमानात बसतो, परक्या शहरात उतरतो, आणि परक्या भाषेतल्या शंभर जणांसमोर उभा राहतो. पुढ्यातली सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, त्या शंभर जणांनी दहा कंडक्टरांबरोबर वाजवलेली असते. वर जाणाऱ्या पहिल्याच हातात त्यांना कळतं की या पोराला पान येतं की नाही. नशिबानं दार उघडलं असं लोक म्हणतात. मला त्या आधीच्या रात्री दिसतात, कुणीही बोलावलेलं नसताना पाठ केलेली पानं दिसतात.

आणि दुसरी गोष्ट, टिकून राहण्याची. लॉस एंजेलिसला सोळा वर्षं, न्यूयॉर्कला तेरा. न्यूयॉर्कचे समीक्षक त्यांच्यावर फारसे प्रसन्न नव्हते, तरी त्या वाद्यवृंदाच्या इतिहासात संगीत-संचालक म्हणून एवढा काळ सलग दुसरं कुणी राहिलेलं नाही. इस्रायल फिलहार्मोनिकशी तर 1961 ला पहिली गाठ पडली आणि 2019 मध्ये निवृत्ती. या काळात वादक म्हातारे होऊन गेले, त्यांच्या खुर्च्यांवर नवी मुलं आली, समोरचा माणूस तोच. मी एका शाळेत एकतीस वर्षं काढली. पहिल्या तुकडीतल्या मुलींच्या मुली मी गाण्याला बसवल्या. एकाच जागी राहिल्यानं काय मिळतं ते मला ठाऊक आहे. आईचा श्वास कुठे अडखळायचा ते लक्षात असलं की लेकीचा कुठे अडखळणार ते आधीच कळतं. पुरस्कारांच्या यादीपेक्षा मला या वर्षांचा मान जास्त वाटतो.

19 जून 1994 चा बोस्नियातल्या साराजेव्होचा कार्यक्रम मी पुष्कळ वर्षांनी मुलीच्या लॅपटॉपवर पाहिला. शहराला वेढा पडलेला. 1992 च्या ऑगस्टमध्ये तोफगोळ्यांनी जळालेलं राष्ट्रीय ग्रंथालय, वर छप्पर नाही, खांब काळे पडलेले. त्या राखेत साराजेव्होचाच वाद्यवृंद आणि तिथलाच गायकवृंद मोझार्टचं रेक्विएम गातोय. रेक्विएम म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना. समोर मेहता. नागपुरात एप्रिलची दुपार होती, कूलरचा आवाज एवढा की मुलीनं तो बंद केला आणि आम्ही घामानं भिजत ऐकत बसलो. तिथला कॅमेरा मधूनच वादकांच्या चेहऱ्यांवर जायचा. सुरुवातीला तारांची वाद्यं ठोक्याच्या मध्ये मध्ये, हुंदक्यासारखी येतात. ठोका कंडक्टरच्या हातात, आवाज त्याच्या नंतर. बाहेर गोळे पडतात अशा शहरात, घरी पाणी नाही, वीज नाही, सोबतचे काही जण युद्धात गेलेले, अशा माणसांना एकत्र श्वास घ्यायला लावायचं. मी बघत होते तो हात अगदी साधा होता. एकही हालचाल जास्तीची नव्हती.

श्रीनगरचं 2013 मधलं मात्र मी त्याच संध्याकाळी दूरदर्शनवर पाहिलं. 7 सप्टेंबर, शालिमार बाग, बव्हेरियाच्या राज्य ऑपेराचा वाद्यवृंद. काश्मिरी संतूर आणि तिथली लोकवाद्यं जर्मन व्हायोलिनांच्या शेजारी बसलेली. मला ते सुंदर वाटलं आणि त्याच वेळी आत टोचलंही, कारण बागेत फक्त निमंत्रितच होते आणि बाहेर शहर बंद होतं. पुन्हा येईन आणि तेव्हा कार्यक्रम सगळ्यांसाठी असेल, अशी इच्छा मेहतांनीच नंतर बोलून दाखवली. मला ते आवडलं. ज्याला शंभर जणांनी एकदम श्वास घ्यावा असं आयुष्यभर वाटलं, त्याला बागेबाहेर राहिलेली माणसं खुपणारच.

आता मुक्या ठोक्याकडे येते. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिची सुरुवात सगळ्या जगाला पाठ आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचम, पंचम, पंचम आणि मग लांबवलेला कोमल गंधार. पण कागदावर पहिल्या पंचमाच्या आधी एक खूण असते. अर्धी मात्रा विश्रांतीची. दोन मात्रांच्या घरात पहिली अर्धी मात्रा रिकामी, मग तीन सूर. म्हणजे कंडक्टरचा हात ज्या क्षणी खाली येतो त्या क्षणी काहीच वाजत नाही, आणि त्यानंतर लगेच सगळी तारांची वाद्यं आणि क्लॅरिनेट एकाच सुरावर तुटून पडतात. जगातले मोठमोठे वाद्यवृंद या जागी फाटलेले आहेत. आमच्या चाळीस मुलींची जागा तीच होती! हे कळलं तेव्हा माझ्या छातीवरचं वीस वर्षांचं ओझं उतरलं. 1988 मध्ये आम्ही काही भलतंच चुकलो नव्हतो, एका अवघड जागी अडखळलो होतो.

यात ऐकण्याचा भरवसा का धरता येत नाही तेही बँडमास्तरांनीच सांगितलं होतं. कस्तुरचंद पार्कवर सव्वीस जानेवारीच्या परेडला बँड चालतो तेव्हा मागच्या रांगेतल्या ड्रमचा ठोका पुढच्याला उशिरा ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, पंधरा मीटरला सेकंदाचे चार-साडेचार शतांश भाग लागतात. कानावर विसंबून वाजवलं तर बँड मागून पुढे लांबत जातो. म्हणून डोळा लागतो, म्हणून हात लागतो. वाद्यवृंदात नगारेवाला असाच दूर, मागे असतो. आपल्या गायकाला याची गरज पडत नाही. तो, तबला आणि पेटी हाताच्या अंतरावर, आणि समेला तिघांच्या माना एकत्र येतात.

निवृत्त झाल्यावर मी बँडमास्तरांना भेटायला वर्षातून दोनदा तरी जाते. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. आता त्यांचं वय नव्वदीला आलंय आणि दोन्ही कान गेलेत. मशीन लावलं तर नुसती खरखर होते म्हणून काढून ठेवतात. बोलायचं ते पाटीवर लिहून. मागच्या दिवाळीनंतर गेले तेव्हा सुनेनं संत्र्याच्या फोडी आणून ठेवल्या आणि मी फोनवर मेहतांची पाचवी लावून त्यांच्या हातात दिली. आवाज मी मुद्दाम बंद केला. मला ऐकू यावं आणि त्यांना नाही, हे बरोबर वाटेना.

दोघांनी मुकं चित्र पाहिलं. मेहतांचा हात वर गेला आणि बँडमास्तरांची छाती भरली.

"दिला पाहा श्वास," ते म्हणाले. आवाज मोठा झाला होता, बहिऱ्या माणसाचा होतो तसा.

मग ते सांगत गेले. डाव्या हाताची दोन बोटं वर आली की "हॉर्न", तळवा खाली दबला की "हळू सांगते त्यायले", नजर उजवीकडे गेली की "चेलो येईन आता". पान न पाहता, सूर न ऐकता, नुसत्या हातावरून. मी मधूनच आवाज थोडा सोडून पडताळून पाहिलं आणि पुन्हा बंद केला. ते चुकत नव्हते.

पडद्यावर मागच्या रांगेत तीन माणसं ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवून बसली होती. या सिम्फनीत पहिले तीन भाग ट्रॉम्बोनला एकही सूर नाही. वीस-बावीस मिनिटं नुसतं बसायचं, मोजत राहायचं, पितळ गार पडू द्यायचं नाही. बँडमास्तरांची बोटं आता त्या तिघांवरून हलेनात. कॅमेरा व्हायोलिनवर गेला की ते फोन थोडा तिरका करायचे, जसं काही कडेनं वाकून मागची रांग दिसेल. संत्र्याची फोड हातात तशीच राहिली.

तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं दबून जातं. नगारा हलकेच एकाच सुरावर ठोके देत राहतो. मग न थांबता चौथा भाग उघडतो आणि इतका वेळ कोमल असलेला गंधार शुद्ध होतो. सा, ग, प, सगळ्या ताकदीनं. ती जागा जवळ आली तशी मेहतांनी मान उचलून थेट मागच्या रांगेकडे पाहिलं. तिघांनी वाद्यं ओठांना लावली.

"आमच्याकडं पाह्यलं त्यानं," बँडमास्तर म्हणाले.

फोन त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला होता. डाव्या हाताची मूठ ओठांशी आली आणि उजवा हात हवेतली स्लाइड हळूच पुढे सारत गेला.